थर्मासमधला बर्फ

बेंगळुरात चामराजपेटेतल्या आमच्या घरी न्हाणीघरात, ऊन कधीच पोचत नसे अशा कोपऱ्यात, एक मोठं मडकं असे. त्यात ओली वाळू, वाळूत रुतवलेलं दुसरं लहान मडकं, आणि त्या लहान मडक्यात फडक्यात गुंडाळलेल्या माझ्या इन्सुलिनच्या बाटल्या. सकाळ-संध्याकाळ अण्णा तांब्याभर पाणी वाळूवर शिंपडत. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. घरातल्या इतर कुठल्याही कामाला त्यांनी कधी हात लावला नाही, पण हे शिंपणं त्यांनी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. औषधाच्या दुकानात रेफ्रिजरेटर होता. आमच्या ओळखीत दुसरीकडे कुठे तो नव्हता.

मी शाळेत होते तेव्हा हा आजार निघाला. सारखी तहान, सारखं लघवीला जाणं, आणि बघता बघता मी काडीसारखी झाले. डॉक्टरांनी सांगितलं, मधुमेह आहे, रोज सकाळी टोचून घ्यावं लागेल, जन्मभर. आई तिथेच रडायला लागली, आणि घरी येईपर्यंत तिचं ठरून गेलं होतं की हे कुणाला कळता कामा नये. मुलीची जात. उद्या लग्न व्हायचं आहे. समोरच्या अक्कांनी पुरणपोळी पाठवली की आई म्हणे, "हिला गोड आवडतच नाही." सिरिंज उकळायची ती दार लावून. मला त्या लहान वयातच कळलं, की माझ्या अंगात काहीतरी असं आहे, जे बाहेर दिसलं तर आईची मान खाली जाईल. सुई मला कधी फारशी दुखली नाही. दुखायचं ते हे.

अण्णांनी मला औषधाची नीट ओळख करून दिली होती. बाटली हलवायची नाही, दोन तळहातांत हलकेच फिरवायची. मग तळाचं पांढरं वर येतं आणि औषध दुधाळ होतं. "उन्हात ठेवलंस तर त्याचा जोर जाईल," ते म्हणायचे, "आणि गोठवलंस तर मरेल. थंड पाहिजे, पण गोठता कामा नये. मरून गेलं की फाटल्या दुधासारखं दिसतं. मग ते टोचून उपयोग नाही."

लग्नाचं जमायला लागलं, तेव्हा आई आणि अण्णांचं पहिल्यांदा मोठं भांडण झालेलं मी ऐकलं. आईला लपवायचं होतं. अण्णा म्हणाले, "मुलाला सांगितल्याशिवाय मी अक्षता टाकणार नाही." मुलगा विजापूरकडचा, बेंगळुरात एका सरकारी कारखान्यात इंजिनीयर. घरी वडील नव्हते, आई आणि धाकटी भावंडं होती. बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर अण्णा त्याला घेऊन फिरायला बाहेर पडले. बऱ्याच वेळानं दोघं परत आले. मी दाराआडून अण्णांचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, सुटले.

"मला चालेल म्हणाला," अण्णांनी आईला सांगितलं. "फक्त आईला इतक्यात सांगू नका म्हणतो. त्या जुन्या वळणाच्या आहेत. तो स्वतःच सावकाश सांगणार आहे."

अण्णांना हे फारसं पटलेलं नव्हतं. पण मुलाला सांगितलं होतं आणि मुलगा हो म्हणाला होता. लग्न झालं.

आम्ही राजाजीनगरात बिऱ्हाड केलं. तेव्हा तिकडे घरं थोडी आणि मोकळे प्लॉट जास्त. ह्यांचा स्वभाव चांगला होता. माझ्या सुया ते दगडावर घासून धार लावून द्यायचे. कारखान्यातून येताना औषध आणायचे आणि बाटली घामानं तापू नये म्हणून खिशात न ठेवता ओल्या रुमालात धरून, सायकल एका हातानं चालवत यायचे. पण आईला सांगायचा विषय निघाला की म्हणत, "बघू, सांगतो सावकाश." त्यांना माझी लाज वाटत होती असं मी म्हणणार नाही. आईसमोर उभं राहून हे बोलायची त्यांना लाज वाटत होती. माझ्यापुरता दोन्हींत फार फरक नव्हता.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा नणंदेचं लग्न ठरलं. ते विजापूरला, ऐन मे महिन्यात. साड्या घ्यायला सासूबाई बेंगळूरला आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, बोलायला लागल्या की शेजारच्या प्लॉटवरचे गवंडीही काम थांबवून ऐकायचे. मनानं वाईट नव्हत्या. मला पहाटे उठू देत नसत. "झोप गं, तुझ्या अंगावर मांस कुठंय," म्हणायच्या. त्या होत्या तेवढे दिवस मी न्हाणीघरात कडी लावून टोचून घेत होते. इथल्या न्हाणीघरातही तसंच वाळूचं मडकं होतं. त्याचं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, भांडी घासायची वाळू आहे. एकदा त्यांनी खरोखरच त्यातली मूठभर वाळू तांब्या घासायला घेतली. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. आतल्या झाकणाला त्यांचा हात लागला असता तर काय सांगायचं, ते मी जुळवत बसले होते.

बेंगळुरात मे महिन्यातही मडकं पुरत असे. विजापूरचं ऊन वेगळं. अण्णा निघायच्या आदल्या दिवशी राजाजीनगरला आले, ह्यांना बाजूला घेऊन बोलले, आणि एक नवा थर्मास देऊन गेले. त्यात बर्फाचे तुकडे आणि थोडं पाणी, आणि रबरी पिशवीत घालून दोऱ्यानं बांधलेल्या दोन बाटल्या. "वाटेत मोठ्या स्टेशनवर बर्फ बदला," म्हणाले. "पोचल्यावर मडकं करून घ्या. आणि आता तरी व्याहिणींना सांगून टाका हो. एवढ्या मोठ्या लग्नघरात हे लपायचं नाही."

"तिथं गेल्यावर सांगतो," हे म्हणाले.

गाडी सकाळी निघाली. आमचा डबा तिसऱ्या वर्गाचा, लग्नसराईची खच्चून गर्दी. आत्याबाई माझ्या शेजारी, हे समोर ट्रंकांना पाय लावून बसलेले. थर्मास मी मांडीवर पदराखाली धरला होता. तुमकूर मागे पडल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "एवढं काय गं जपून धरलंयस?"

"गरम पाणी आहे," मी म्हणाले. "पोट बरं नाही माझं."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पोटाकडे एकदा पाहिलं, आणि चेहरा असा उजळला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेला दिवस गेले असावेत असं त्यांना वाटलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि खिडकीजवळची आपली जागा मला दिली.

अर्शीकेरीनंतर डबा भट्टीसारखा तापला. समोरच्या बाकावर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. मूल रडून रडून लाल झालेलं. तिच्याजवळ दुधाची पूड होती, पण पाणी गरम मिळेना. ती कानडीत नवऱ्याला म्हणत होती, पुढच्या स्टेशनात उतरून बघा. आत्याबाईंचं लक्ष गेलं आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अगो बाई, माझ्या सुनेकडं आहे की गरम पाणी!"

मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या मांडीवरून थर्मास उचलला होता. हे अर्धवट उठले. "आई, राहू दे ते," म्हणाले. "काय राहू दे? लेकराच्या दुधापरीस जास्त आहे होय?" असं म्हणत त्यांनी टोपण फिरवलं आणि त्या बाईनं पुढे केलेल्या वाटीत थर्मास ओतला.

खळकन् बर्फ पडला. काही तुकडे वाटीत, काही खाली लोकांच्या चपलांत. आणि मागोमाग दोऱ्याला लोंबकळत ती रबरी पिशवी.

त्या बाईनं वाटी मागे घेतली. मग कुणीतरी हसलं. "हे बघा गरम पाणी!" मूल रडायचं थांबून बर्फाकडे बघत होतं. आत्याबाईंनी पिशवी सोडली, एक बाटली बाहेर काढली, उजेडात धरली. वाचता त्यांना येत नव्हतं. कोपऱ्यात बसलेल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी हात पुढे करून ती घेतली आणि डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "इन्सुलिन आहे हे. साखरेच्या आजाराचं. रोज टोचावं लागतं." मग माझ्याकडे बघून त्यांनी हळहळ केली. "एवढ्या लहान वयात."

सगळा डबा माझ्याकडे बघत होता. मी पदर डोक्यावरून इतका पुढे ओढला की मला फक्त माझी पावलं आणि शेजारी वितळणारा बर्फ दिसत होता.

आत्याबाईंनी मला काहीच विचारलं नाही. त्यांनी मुलाला विचारलं, आणि आवाज एकदम खाली आणला होता. "तुला ठाऊक होतं?"

गाडीचा खडखडाट चालला होता. हे परत खाली बसले. मला वाटलं, आता सांगतील. वर्षभर जे सांगायचं राहिलं ते आता आपोआपच बाहेर येईल आणि एकदाचं संपेल.

"लग्नानंतर कळलं," हे म्हणाले.

मी पदराआडून त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. लग्नानंतर कळलं म्हणजे माझ्या वडिलांनी फसवलं. अक्षता टाकण्याआधी सांगणारच म्हणून ज्यांनी घरात भांडण केलं, त्या माणसाला ह्यांनी एका वाक्यात लबाड ठरवलं. मी तोंड उघडून नाही म्हणायला हवं होतं. पण डबाभर माणसांत, नवऱ्याच्या आईसमोर, नवरा खोटं बोलतोय असं कसं म्हणायचं? तेव्हा मला ते शक्य वाटलं नाही. आज मागे वळून पाहते तेव्हाही माझी जीभ तिथेच टाळूला चिकटलेली असते.

आत्याबाई हुबळीपर्यंत गप्प होत्या. त्यांना एवढं गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हुबळीला संध्याकाळी गाडी बदलायची होती. हे हमाल शोधायला गेले, आणि आत्याबाईंनी थर्मास उचलला, माझ्या दंडाला धरलं आणि फलाटावर निघाल्या. आवाज परत आला होता. "ह्यात बर्फ पाहिजे! माझ्या सुनेचं औषध आहे, थंड ऱ्हायला पाहिजे! साखरेचा आजार आहे तिला!" चहावाल्याला सांगितलं, तिकीट तपासनिसाला सांगितलं, बाकावर बसलेल्या एका मोठ्या लग्नाच्या वऱ्हाडाला सांगितलं. लोक वळून वळून बघत होते. त्या रागावल्या होत्या की कळवळल्या होत्या, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. मला मात्र दर हाकेला वाटत होतं की माझं लुगडं कुणीतरी भर फलाटावर ओढतंय.

शेवटी एक कुल्फीवाला सापडला. भला माणूस होता. त्यानं आपल्या पेटीतला बर्फ ठोकून बारीक केला, बाटल्यांची पिशवी मधोमध ठेवली, आणि थर्मास भरता भरता शेजारच्या डब्यातून मुठी भरून जाडं मीठ वर घातलं. कुल्फी गोठवायला घालतात तसं. "उप्पु हाकिद्देने, अम्मा," तो आत्याबाईंना म्हणाला. मीठ घातलंय, आता सकाळपर्यंत दगड होऊन राहील.

मला कळलं. मीठ घातलं की बर्फ नुसता थंड राहत नाही, गोठवतो, हे मला कळलं. अण्णांचे शब्द जसेच्या तसे कानात होते. पण भोवती दहा-पंधरा माणसं उभी होती. कुणी मला वय विचारत होतं, कुणी त्यांच्या मामाला हाच आजार होता आणि त्याचा पाय कसा कापला ते सांगत होतं. एक शब्द बोलले असते तर आणखी दहा प्रश्न आले असते. आत्याबाईंनी कुल्फीवाल्याला पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत, औषधाला कसले पैसे म्हणाला. मी मान खाली घालून थर्मास घेतला. गाडीत बसल्यावर तरी मीठ उपसून टाकायचं असं मनाशी ठरवलं होतं. पण बसायला जागा मिळाली ती आत्याबाईंच्या आणि वऱ्हाडातल्या एका म्हातारीच्या मधे, आणि म्हातारी माझा हात धरून बसली.

सकाळी विजापूरच्या घरी न्हाणीघरात जाऊन बाटल्या पाहिल्या. दोन्ही आतून बर्फ झालेल्या. वितळल्यावर औषध फाटल्या दुधासारखं झालं होतं, तळाशी चोथा आणि वर पाणी. मी तरीही तेच टोचून घेतलं. दुसरं काय होतं? ह्यांना सांगायचं तर ते पाहुण्यांत. आणि खरं म्हणजे मला त्यांच्याशी बोलायचंच नव्हतं.

लग्नघर भरलेलं होतं. मांडव, आचारी, ऊन असं की अंगणात अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. सगळ्यांना माझा आजार आधीच कळलेला. बायका माझ्या पानात वाढताना थांबून एकमेकींकडे बघायच्या. एकीनं विचारलं, "तुमच्या वडिलांनी सांगितलं नव्हतं होय?" मी उठून पाणी प्यायला गेले. पाणी पिऊन तहान भागत नव्हती. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या. लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं मी आतल्या खोलीत पडून, कुठून तरी लांबून आल्यासारखी ऐकली. श्वास जोरजोरात चालला होता, एवढंच आठवतं.

डॉक्टर आले. घरच्या माहितीतले होते. त्यांनी बाटली बघितली आणि ओरडलेच, "हे कुणी गोठवलं?" गावात ते औषध मिळेना. त्यांच्याकडे दुसऱ्या जातीच्या इन्सुलिनची थोडी उरलेली बाटली होती, त्यावर आणि सलाईनवर त्यांनी मला धरून ठेवलं, आणि ह्यांना सांगितलं, बेंगळूरला तार करा.

आत्याबाई माझ्या उशाशी बसल्या होत्या. मांडवात वरात निघायची वेळ, आणि नवरीची आई इथं. कुणीतरी बोलवायला आलं तर म्हणाल्या, "जावा तुम्ही. मी मीठ घालून घेतलं त्याच्याकडनं. मीच मारलं असतं की पोरीला." मला सांगता आलं असतं की मीठ मला दिसत होतं. तेवढी ताकद नव्हती, असं मी स्वतःला समजावते.

अण्णा आले तेव्हा लग्न होऊन गेलं होतं, पण पाहुणे अजून घरातच होते. माझ्या खोलीच्या खिडकीतून अंगण दिसायचं. दुपारची वेळ. टांगा दाराशी थांबला आणि अण्णा उतरले. हातात दोन्ही बाजूंनी कवटाळलेलं मडकं, त्याभोवती ओलं गोणपाट. बेंगळूरपासून ते त्यांनी मांडीवरच ठेवलं होतं, वाटेत जिथे मिळेल तिथे पाणी शिंपत. त्यामुळे त्यांचं धोतर कमरेपासून गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चिखलाळलेलं. अंगावर मात्र कचेरीचा बंद गळ्याचा कोट आणि डोक्यावर पगडी, व्याह्यांकडे जायचं म्हणून. मांडवातली पोरं त्यांच्या धोतराकडे बोट दाखवून खिदळायला लागली. एक-दोन मोठी माणसंही तोंड वळवून हसली.

आत्याबाई पुढे झाल्या. अण्णा मडकं तसंच धरून त्यांच्यासमोर वाकले. "चूक माझी आहे," म्हणाले. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

त्यांना सगळं कळलं होतं. स्टेशनवर घ्यायला गेलेल्या कुणीतरी, तुम्ही जावयांना अंधारात ठेवलंत, असं त्यांना वाटेतच ऐकवलं होतं, हे मला मागाहून समजलं. हे मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. अण्णांनी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"बोलणं मागनं, व्याही," आत्याबाई म्हणाल्या. "आधी ते मडकं सावलीला ठेवा."

मला टोचून झाल्यावर, पोरीला उतार पडेल असं डॉक्टरांनी सांगितल्यावर, आत्याबाई जे बोलायचं ते बोलल्याच. ओसरीवर, सगळ्या पाहुण्यांदेखत. "मी काय राक्षसीण होते होय? मला सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं? नको म्हटलं असतं, फार तर. पण मी घरात असताना पोर न्हाणीघरात कड्या लावून टोचून घेत होती, आणि मी बाहेर वाळूनं तांब्या घासत होते. मला येडी बनवलंत. माझ्या लेकाला फसवलंत."

"चुकलं," अण्णा म्हणाले. "माफ करा."

मी आत पडल्या पडल्या ऐकत होते. अण्णांचा आवाज तसाच होता, मडक्यावर पाणी शिंपताना मला समजावून सांगायचे तसा. माझ्या आयुष्यात त्या शब्दांइतकं जड मी काही ऐकलं नाही. आणि ह्यांच्या बाजूनं एक अक्षर नाही. ना माझ्या बाजूनं.

बेंगळूरला परत आल्यावर किती तरी दिवस आम्ही दोघं कामापुरतंच बोलत होतो. एकदा मीच विचारलं, "तुम्ही का नाही बोललात?"

ते सुईला धार लावत होते. "तू तरी कुठं बोललीस," म्हणाले. मग सुई खाली ठेवून बराच वेळ तोंड हातांत धरून बसले. मी त्यांच्याजवळ गेले नाही.

अण्णांकडे ते एकदा एकटेच सायकलवरून जाऊन आले. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. आई तेवढं म्हणाली की जावई आले, पायरीवर बसले, चहा घेतला नाही, आणि अण्णाच त्यांची समजूत घालत होते.

पुढच्या उन्हाळ्यात आत्याबाई राजाजीनगरला आल्या. येताना त्यांनी विजापूरहून एक मडकं आणलं होतं, तिथली माती जास्त थंड राहते म्हणून. एके दिवशी त्या मेथी निवडत होत्या, हे समोर बसले होते. हे एकाएकी म्हणाले, "आई, मला लग्नाआधी ठाऊक होतं. हिच्या अण्णांनी मला सगळं सांगितलं होतं. तुला सांगू नका असं मीच म्हणालो होतो."

आत्याबाईंनी मेथी खाली ठेवली. मुलाला मारतील की काय असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "आणि त्या माणसानं माझ्या दारात माफी मागितली?"

"हो."

"आणि तू खांबाला टेकून बघत होतास?"

ह्यांनी मान हलवली. आत्याबाई उठल्या, लुगडं बदललं आणि मला म्हणाल्या, "चल, चामराजपेटला. तू पण चल रे."

आम्ही बसनं पोचलो. अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. आत्याबाई चप्पल काढून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "व्याही, त्या दिवशी बोलला का नाही तुम्ही?"

अण्णांनी चष्मा काढला, आमच्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. "बोललो असतो तर तुमचा मुलगा चार माणसांत खोटा पडला असता," ते म्हणाले. "माझी मुलगी त्याच्याच घरी राहायची होती. सोडा हो. लग्नघर होतं."

"मी तुम्हाला चार माणसांत बोलले. आता माफी मागायला चार माणसं कुठनं आणू मी इथं?"

"नको, नको, काही नको," अण्णा घाबरून उठले. पण आत्याबाई तोवर पायरी उतरल्या होत्या. समोरच्या अक्का दारात तांदूळ पाखडत होत्या, शेजारचे मास्तर सायकल पुसत होते. "अक्का, स्वल्प इकडं या! अहो मास्तर, तुम्ही पण या!" त्या दोघांना, आणि आवाज ऐकून आणखी कोण कोण आले त्यांना, आत्याबाईंनी भर गल्लीत सांगितलं, "हे माझे व्याही. ह्यांना मी खोटारडे म्हटलं होतं. खोटारडा माझा लेक आहे, हा बघा. ह्यांनी मला काही फसवलं नाही." आणि वाकून त्यांनी अण्णांच्या पायाला हात लावला.

अक्कांना काहीच कळेना. "कशाबद्दल म्हणता?" त्यांनी विचारलं. मग आत्याबाईंना सगळंच सांगावं लागलं. आजार, सुया, मडकं, बर्फ. माझ्या आईनं शाळेच्या वयापासून ज्या गल्लीपासून लपवलं, त्या गल्लीला ते पाच मिनिटांत खणखणीत आवाजात कळलं. आई स्वयंपाकघरात जाऊन बसली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. अण्णा हात जोडून "पुरे हो, पुरे" म्हणत होते. आत्याबाईंना वाटलं की त्यांनी माफीचं कर्ज फेडलं. अण्णांना मात्र, मला वाटतं, विजापूरच्या ओसरीपेक्षा इथं जास्त कानकोंडं झालं होतं.

अक्का "सरी, सरी", बरं बरं, म्हणत माझ्याजवळ आल्या. माझ्या गालाला हात लावला आणि घरात गेल्या. त्या संक्रांतीला त्यांच्याकडून पहिल्यांदाच माझ्यासाठी वेगळा, गुळाशिवायचा तीळ आला. मी तो घेतला. घेताना त्यांच्या डोळ्यांकडे बघता आलं नाही.

हे त्या दिवशी गल्लीत, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत, माझ्या शेजारी उभे होते. आधी जसे खाली बघत असत तसे खाली बघत नव्हते. चेहरा लालबुंद, पण मान ताठ. परतीच्या बसमध्ये आत्याबाई पुढे बसल्या आणि आम्ही दोघं मागे. ते हळूच म्हणाले, "आता संपलं."

मी हो म्हणाले. ते खरं नव्हतं. ह्यानंतर कुणी घरी आलं आणि बशीतला लाडू मी बाजूला सारला, की ह्यांनीच सांगायचं ठरवून टाकलं. न अडखळता, सहज सांगायचे, "तिला मधुमेह आहे." पाहुणे मान हलवत आणि दुसऱ्या विषयाकडे वळत. आणि मी, काहीतरी आणायचं निमित्त करून, आत निघून जायची.